उलटतपासणी नसलेली साक्ष

न्यायालयाच्या दालनात उच्चारलेल्या प्रत्येक वाक्याला कोणीतरी प्रतिस्पर्धी असतो. साक्षीदार जे सांगतो ते उलटतपासणीत पारखले जाते. एका वकिलाच्या युक्तिवादाला दुसरा वकील उत्तर देतो. आणि न्यायाधीश दोन्ही बाजू ऐकल्यावाचून निर्णय देत नाही. वकील हा याच शिस्तीत वाढलेला माणूस. आपण बोललो की कोणीतरी उभे राहून हरकत घेईल, ही जाणीव त्याच्या जिभेवरचा सर्वांत मोठा अंकुश असते. हाच वकील दूरचित्रवाणीच्या पडद्यावर येऊन स्वतःविषयी बोलू लागतो, तेव्हा तेथे हरकत घेणारा कोणी नसतो. अर्ध्या मिनिटाची साक्ष होते आणि साक्षीदार उलटतपासणीसाठी न थांबता निघून जातो. वकिलाने जाहिरात करावी की नाही, या जुन्या वादाचे नैतिक मर्म या फरकात आहे.

हा वाद सहसा प्रतिष्ठेच्या भाषेत मांडला जातो. वकिली हे व्रत आहे आणि व्रताची दवंडी पिटायची नसते, असा त्यातला सूर असतो. या धारणेची मुळे खोल गेलेली आहेत. प्राचीन रोममध्ये इ. स. पूर्व २०४ च्या सिन्सियन कायद्याने दुसऱ्याची बाजू मांडण्यासाठी द्रव्य वा भेट घेण्यास मनाई केली होती. पुढे सम्राट क्लॉडियसने मोबदल्याला मान्यता दिली, तीही कमाल मर्यादा घालून. इंग्लंडमधील बॅरिस्टरच्या झग्याला पाठीमागे जो लहानसा कप्पा असतो, तो अशिलाने वकिलाच्या नकळत दक्षिणा टाकावी म्हणून, अशी एक दंतकथा आहे. ती खरी असो वा नसो, ती जपणाऱ्यांची स्वतःविषयीची कल्पना तीतून स्पष्ट होते. अमेरिकन बार असोसिएशनने १९०८ मध्ये आचारनियम केले, त्यांतही जाहिरात निषिद्ध ठरली. चांगल्या कामातून मिळालेला लौकिक हीच वकिलाची सर्वोत्तम जाहिरात, अशी त्यामागची भूमिका होती.

लौकिकाचा हा युक्तिवाद सुंदर आहे. पण लौकिक कोणाच्या कानावर पडतो, हे तो विचारीत नाही. ज्याच्या घरात शिक्षण आहे, ओळखीपाळखी आहेत, त्याला चांगला वकील कोणता हे चार ठिकाणी विचारता येते. ज्याला शहरात कोणी ओळखत नाही, त्याच्यापर्यंत लौकिक पोहोचत नाही. पोहोचतो तो दलाल. गांधीजींच्या आत्मकथेत याची बोलकी नोंद आहे. बॅरिस्टर होऊन परतल्यावर मुंबईच्या लघुवाद न्यायालयात त्यांना ममीबाईचा खटला मिळाला, तेव्हा दलाली द्यावी लागेल असे त्यांना सांगण्यात आले. महिन्याला हजारो रुपये मिळवणारे फौजदारी वकीलही ती देतात, हेही ऐकवण्यात आले. त्यांनी ती दिली नाही. जाहिरातीला जागा नसलेल्या त्या व्यवसायात बाजार नव्हता असे नव्हे. तो कुजबुजीने चालत होता, इतकेच. दलालांच्या बंदोबस्तासाठी इंग्रजी अमदानीत कायदा झाला होता, आणि २०२३ साली संसदेला त्याच हेतूने ॲडव्होकेट्स ॲक्टमध्ये नवे कलम घालावे लागले. सव्वाशे वर्षांहून अधिक काळ टिकलेला हा रोग जाहिरातबंदीने बरा झालेला नाही.

मुंबईच्याच फौजदारी न्यायालयांच्या दाराशी काही वकील अशिलांची वाट पाहत उभे राहत, कोणी येताना दिसला की त्याच्याकडे धाव घेत, त्याच्या हातातली कागदपत्रे हिसकावण्यासाठी आपसांत झोंबाझोंबी करीत आणि फी पाडून सांगत. दाभोळकर प्रकरण म्हणून प्रसिद्ध असलेल्या या खटल्यात १९७५ मध्ये सर्वोच्च न्यायालयातर्फे न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी या वर्तनाची कठोर शब्दांत निर्भर्त्सना केली आणि वकिली हा बाजारातला सौदा नव्हे, हे निक्षून सांगितले. निर्णयाविषयी दुमत होण्याचे कारण नाही. तथापि त्या दाराशी येणाऱ्या माणसाकडे पाहिले तर वेगळा प्रश्न उभा राहतो. त्याला ओढणारे हात दूर झाले. पण कोणत्या दारी जावे, हे त्याला सांगितले कोणी?

याच प्रश्नाने अमेरिकेत बंदीची भिंत पडली. ॲरिझोनातील फिनिक्स शहरात दोन तरुण वकिलांनी १९७४ मध्ये मध्यम उत्पन्नाच्या लोकांसाठी अल्प फीचे कार्यालय उघडले. दोन वर्षांनी त्यांनी वर्तमानपत्रात जाहिरात दिली. तिच्यात बढाई नव्हती. संमतीचा घटस्फोट, दत्तकविधान, नादारी, नावातील बदल अशा कामांचे दर तेवढे छापलेले होते. त्याबद्दल त्यांच्यावर शिस्तभंगाची कारवाई झाली. २७ जून १९७७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी निर्णय दिला की, सत्य माहिती देणाऱ्या अशा जाहिरातीवर सरसकट बंदी घालता येणार नाही. बहुमताचा निर्णय लिहिणारे न्यायमूर्ती ब्लॅकमन यांनी मध्यमवर्गाची मोठी संख्या वकिलांच्या सेवेपासून वंचित राहते, याची दखल घेतली. अल्पमतातील न्यायमूर्ती पॉवेल यांची हरकतही उथळ नव्हती: साधा वाटणारा घटस्फोटही माणसागणिक वेगळा असतो, त्याला छापील किंमत कशी लावणार? उल्लेखनीय गोष्ट अशी की, बहुमताने दरवाजा उघडला तो वर्तमानपत्रातील मजकुरासाठी. नभोवाणी व दूरचित्रवाणी यांच्या विशेष अडचणींचा विचार वेगळा करावा लागेल, असे त्या निर्णयातच सूचित केलेले होते.

माहिती आणि मोहिनी यांमधील सीमारेषा किती बारीक असते, हे १९८५ च्या झाउडरर खटल्यात दिसते. ओहायो राज्यातील एका वकिलाने ‘डॅल्कन शील्ड’ या गर्भनिरोधक साधनामुळे इजा झालेल्या स्त्रियांना उद्देशून जाहिरात दिली. तिच्यात त्या साधनाचे रेखाचित्र होते आणि फार उशीर झाला असे समजू नका, अजूनही दावा करता येण्याचा संभव आहे, असा दिलासा होता. दोनशेहून अधिक स्त्रियांनी विचारणा केली, शंभरावर दावे दाखल झाले. त्या चित्राला व त्या सल्ल्याला सर्वोच्च न्यायालयाने संरक्षण दिले. परंतु त्याच जाहिरातीत असेही म्हटले होते की, भरपाई मिळाली नाही तर फी द्यावी लागणार नाही. हरल्यास न्यायालयीन खर्च मात्र अशिलाच्या माथी पडू शकेल, हे सांगितलेले नव्हते. त्या मौनाबद्दल झालेली कारवाई न्यायालयाने उचलून धरली. फी आणि खर्च यांतला भेद वकिलाला ठाऊक असतो, सामान्य माणसाला नसतो. एकाच कागदावर एक वाक्य उपकारक ठरले आणि दुसरे, खोटे नसूनही, फसवे ठरले.

दूरचित्रवाणीवर ही सीमारेषा अधिकच पुसट होते, कारण चित्र विधान करीत नाही. ते भावना जागी करून निघून जाते. फ्लोरिडातील दोन वकिलांनी आपल्या जाहिरातीत अणकुचीदार खिळ्यांचा पट्टा घातलेला हिंस्र जातीचा कुत्रा दाखवला होता. २००५ मध्ये त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ती नियमबाह्य ठरवली. वकिलाच्या कोणत्याही पारखता येण्याजोग्या गुणाची माहिती त्या चित्रातून मिळत नाही, हे त्यामागचे एक कारण होते. न्यूयॉर्क राज्यात याच्या उलट घडले. वकील इमारतींहून उंच झालेले आहेत, अशिलाकडे वाऱ्याच्या वेगाने धावत आहेत, अशा जाहिरातींना रोखणारे नियम २०१० मध्ये केंद्रीय अपील न्यायालयाने रद्द केले. अशा उघड अतिशयोक्तीने कोणी फसत नाही, असे त्याचे मत पडले. अपघातानंतर तीस दिवस पीडितांना वकिलांनी गाठू नये, हा नियम मात्र त्याच न्यायालयाने कायम ठेवला. भव्य कल्पनाचित्राने शहाणा प्रेक्षक फसत नसेलही. पण दुःखाच्या पहिल्या दिवसांत माणूस शहाणा राहतोच असे नाही, ही समज त्या नियमात आहे.

फसगतीची किंमत पैशापुरती राहत नाही. औषध कंपन्यांविरुद्धच्या दाव्यांसाठी अशील गोळा करणाऱ्या काही जाहिराती वैद्यकीय इशाऱ्याचे सोंग घेऊन दाखवल्या जात. त्या पाहून घाबरलेले रुग्ण डॉक्टरांना न विचारता आवश्यक औषध बंद करतील, या चिंतेने २०१९ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने असे वकील व त्यांच्यासाठी अशील शोधणाऱ्या संस्था मिळून सात जणांना ताकीदपत्रे पाठवली.

यावर कोणी असे विचारील की, साबण विकणारा अर्धसत्य बोलतो ते चालते, मग वकिलावरच हा कडकपणा का? उत्तर वस्तूच्या स्वरूपात आहे. साबण वाईट निघाला तर पुढच्या वेळी दुसरा घेता येतो. खटला हरलेल्या माणसाला मात्र आपण वकिलामुळे हरलो की बाजूच लंगडी होती म्हणून, हे बहुधा आयुष्यभर कळत नाही; आणि तोच खटला दुसऱ्या वकिलाकडून नव्याने लढवून पाहण्याची सोय नसते. त्याहून गंभीर गोष्ट पुढे आहे. अशिलाला अप्रिय सत्य सांगणे, हे वकिलाचे एक अवघड कर्तव्य होय. तुमची बाजू कमकुवत आहे, तडजोड करा, हा दावा लावू नका, असे त्याला सांगावे लागते. ज्याने पडद्यावरून विजयाचे आश्वासन दिले, त्याने कार्यालयात बसून पराजयाची शक्यता कोणत्या तोंडाने सांगावी? जाहिरात अशिलाला फसवते एवढ्यावर भागत नाही. ती वकिलालाही त्याच्या सत्यकथनापासून तोडते.

भारतात बार कौन्सिलच्या छत्तिसाव्या नियमाने वकिलाला जाहिरात करण्यास, दलाल नेमण्यास, आपण चालवीत असलेल्या खटल्याच्या संदर्भात छायाचित्र छापवून आणण्यास मनाई आहे. त्याची पाटी बेताच्या आकाराची असावी आणि तिच्यावर विशेष प्रावीण्याचा उल्लेखही नसावा, इतका हा संकोच सूक्ष्म आहे. २००८ मध्ये या नियमाला मुरड घालून संकेतस्थळावर नाव, पत्ता, पात्रता, कामाचे क्षेत्र अशी ठराविक माहिती देण्यास अनुमती मिळाली. मार्च २०२५ मध्ये चित्रपट अभिनेते व समाजमाध्यमांवरील प्रभावी व्यक्ती यांना घेऊन केलेल्या वकिली चित्रफितींना बार कौन्सिलने जाहीर आक्षेप घेतला. आक्षेप रास्त आहे, कारण अभिनेत्याच्या चेहऱ्यावरचा विश्वास हा कायद्याच्या ज्ञानाचा पुरावा होऊ शकत नाही.

परंतु मौन पाळणाऱ्या व्यवसायावर एक ऋण चढते, याची आठवण येथे ठेवावी लागते. घटनेच्या अनुच्छेद ३९-अ ने मोफत विधिसाहाय्याचे कर्तव्य राज्यावर टाकले आहे. त्यासाठी १९८७ चा कायदा झाला, तो १९९५ मध्ये अमलात आला. आज १५१०० या क्रमांकावर विधिसाहाय्य मागता येते. स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, कोठडीतील माणसे यांना त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. हे किती जणांना ठाऊक असते? दूरचित्रवाणीचा पडदा कायद्याच्या क्षेत्राला निषिद्ध नाही. निषिद्ध असावी ती तेथून केलेली आत्मस्तुती. तुला वकील मिळण्याचा हक्क आहे, दावा करण्याची मुदत अमुक आहे, अपघातानंतर न वाचता कोणत्याही कागदावर सही करू नकोस, ही वाक्ये पडद्यावरून शंभर वेळा उच्चारली गेली तरी न्यायाची प्रतिष्ठा उणावणार नाही.

तेव्हा बोलावे की गप्प राहावे, असा पेच धरून बसण्यात अर्थ नाही. वकिलाच्या प्रत्येक जाहीर वाक्याला त्याच्याच व्यवसायाची कसोटी लावावी: समोर प्रतिपक्षाचा वकील उभा असता तर हे वाक्य उलटतपासणीत टिकले असते काय? फीचा दर टिकेल, भाषा टिकेल, कामाचे क्षेत्र टिकेल, खर्च कोणावर पडेल याची कबुली टिकेल. कुत्र्याचा जबडा, नटाचा चेहरा आणि विजयाची हमी टिकणार नाही. हीच कसोटी मौनालाही लागू आहे. वकिलाची गरज असूनही कोणाकडे जावे हे ज्याला कळले नाही, अशा माणसाने उद्या व्यवसायालाच साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे केले आणि ‘तुम्ही गप्प का होता?’ असे विचारले, तर प्रतिष्ठेसाठी, एवढेच उत्तर पुरणार नाही.