आगंतुकाचे स्थान

मसुरे गावातील आंगणेवाडीच्या भराडीदेवीची जत्रा कोणत्या दिवशी भरावी हे पंचांग ठरवीत नाही; तिथीचा आधार न घेता देवीचा कौल घेऊन तो दिवस निश्चित केला जातो, आणि एकदा तो जाहीर झाला की मुंबईचा चाकरमानी आपल्या रजेची तजवीज त्याप्रमाणे करू लागतो. कौलाचा विचार पुष्कळांनी केला आहे. मला मात्र ह्या जत्रेतील रांगेचा विचार अधिक खोल वाटतो. दर्शनाच्या रांगेत मागून येणारा मनुष्य, तो कितीही दूरचा असो, मागेच उभा राहतो. आणि तरीही रात्री ज्या वेळी आंगणे मंडळींच्या घरच्या स्त्रिया मौन पाळून रांधलेल्या नैवेद्याची ताटे घेऊन येतात, त्या वेळी दर्शन थांबते, ताटे देवीपुढे जातात, आणि ताटकळलेल्या सहस्रावधी लोकांपैकी कोणालाही आपल्या क्रमाचा भंग झाला असे वाटत नाही. मोठमोठ्या देवस्थानांतून पैसा किंवा ओळख यांच्या बळावर पुढे सरकणाऱ्यांविषयी ज्याच्या मनात क्षोभ उत्पन्न होतो, तोच भाविक येथे प्रसन्नचित्ताने वाट पाहतो. ताटे नंतर आली, परंतु ती पूजेचे अंग आहेत. रांगेतला भाविक आधी आला, परंतु पूजेच्या दृष्टीने तो आगंतुक आहे, हा भेद कोणी शिकविल्यावाचून त्याच्या ध्यानी आलेला असतो.

नव्याने आलेल्यास कोठे जागा द्यावी, हाच प्रश्न आज संगणकावर वाचणाऱ्या प्रत्येकापुढे, त्याला तो प्रश्न म्हणून जाणवत नसतानाही, दिवसातून अनेक वेळा उभा राहतो. ब्राउझरमध्ये एक पान वाचीत असता त्यातील एखादा दुवा आपण नव्या टॅबमध्ये उघडतो. तो टॅब वाचीत असलेल्या पानाला लागून उघडावा, की आधीपासून उघडून ठेवलेल्या सर्व टॅबांच्या शेवटी? फायरफॉक्समध्ये दीर्घकाळ शेवटी उघडण्याचा शिरस्ता होता. जानेवारी २०१० मध्ये आलेल्या ३.६ ह्या आवृत्तीपासून दुव्यातून निघालेला टॅब आपल्या मूळ पानाशेजारी उघडू लागला, आणि अधिक-चिन्हावर टिचकी मारून उघडलेला कोरा टॅब मात्र पूर्ववत शेवटीच राहिला. ज्यांना ही व्यवस्था मानवली नाही त्यांनी ती बदलणारी एक्स्टेन्शने वापरली. टॅब मिक्स प्लससारखी जुनी, सर्वांगपरिपूर्ण साधने २०१७ च्या नोव्हेंबरात फायरफॉक्सने आपली अंतर्गत रचनाच बदलल्यामुळे एकाएकी निकामी झाली, तेव्हा अनेक वाचकांना आपल्या बसण्याउठण्याची सवय मोडल्याचे दुःख झाले. बाहेरच्यास हे दुःख क्षुल्लक वाटेल. मला ते तसे वाटत नाही, कारण त्याच्या मुळाशी जो प्रश्न आहे त्यावर आपल्याकडील एका दर्शनाने संपूर्ण अध्याय खर्ची घातला आहे.

जैमिनीच्या मीमांसासूत्रांचा पाचवा अध्याय क्रमाविषयी आहे. श्रुती, अर्थ, पाठ, स्थान, मुख्य आणि प्रवृत्ती ही क्रम ठरविण्याची सहा प्रमाणे होत, आणि त्यांत आधीचे प्रमाण नंतरच्याहून बलवत्तर. अर्थ पाठाहून बलवत्तर कसा, याचे उदाहरण आपल्या किनाऱ्यावरील माणसास फार जवळचे वाटावे: वेदवचनात अग्निहोत्राचा होम आधी सांगितला आहे आणि यवागू, म्हणजे पेज, शिजविणे नंतर, पण तीच पेज होमात अर्पावयाची असल्याने ती आधी शिजविली पाहिजे, मग वचनाचा अनुक्रम काहीही असो. म्हणजे प्रयोजन क्रमाला वाकविते. आणि जेथे असे कोणतेच प्रयोजन आढळत नाही, अंगाचा प्रधानाशी, म्हणजे मुख्य कर्माशी, संबंध दिसत नाही, तेथे आगंतुकांचा निवेश शेवटी करावा, असा मीमांसकांचा न्याय आहे. जे आधी आरंभिले त्यास बाजूस सारण्याचा अधिकार नवेपणाला मिळत नाही, हे त्या न्यायाचे हृद्‌गत.

याच अध्यायात आणखी एक विवेचन आहे, आणि टॅबांच्या प्रश्नाला ते असे काही लागू पडते की ते वाचताना मी थक्क होतो. वाजपेय यज्ञात प्रजापतीसाठी सतरा पशू असतात. प्रत्येकावर अनेक संस्कार करावयाचे. एक संस्कार सतराही पशूंवर क्रमाने करून मग दुसऱ्या संस्काराकडे वळावे, की एका पशूचे सर्व संस्कार संपवून मग दुसरा पशू घ्यावा? पहिल्या पद्धतीस पदार्थानुसमय म्हणतात, दुसरीस काण्डानुसमय. श्राद्धात अनेक ब्राह्मणांना गंधपुष्पादी उपचार कोणत्या पद्धतीने द्यावेत, ही चर्चा धर्मशास्त्राच्या निबंधकारांनीही केली आहे. टॅब शेवटी उघडला तर वाचकाकडून पहिलीचे अनुसरण घडते: हाती घेतलेली सर्व पाने एक एक पायरी पुढे सरकतात, कोणी मागे राहत नाही. तो शेजारी उघडला तर दुसरीचे: एका पानाचा वंशविस्तार संपल्याशिवाय पुढच्या पानाची पाळी येत नाही. समजा, सिंधुदुर्ग किल्ल्याविषयी कोणी वाचीत आहे. १६६४ मध्ये कुरटे बेटावर झालेला आरंभ, त्यातून शिवराजेश्वराचे मंदिर, मंदिरातून राजाराम महाराज, राजारामांतून जिंजी, असे शेजारी शेजारी उघडत तो तमिळ देशात पोचतो, आणि भर समुद्रात गोडे पाणी देणाऱ्या दूधबाव, दहीबाव, साखरबाव यांविषयीचे पान, जे वाचण्यासाठी तो बसला होता, उजवीकडे दूर ढकलले जाते. हा वाचक आळशी नव्हे. उलट त्याची जिज्ञासा जागी आहे. तिचा प्रवाह मात्र शेजाराने ठरविला, हेतूने नव्हे.

मीमांसकांनी सामान्यतः पदार्थानुसमयास पसंती दिली, कारण समान अधिकाराच्या अनेकांना प्रधानाचे सान्निध्य समप्रमाणात मिळावे. पण तेथेही त्यांनी आंधळेपणा केला नाही. हविर्द्रव्यासाठी चार मुठी धान्य काढावयाचे असते. त्या चार मुठी मिळून एकच कर्म होत असल्याने प्रत्येक हवीला एकेक मूठ वाटत फिरू नये, एकाच्या चारही मुठी एकदम काढाव्यात, असा त्यांचा निर्णय. मामलेदार कचेरीतील जुने कारकून हेच करीत: आलेला कागद बारनिशीत शेवटच्या नोंदीखाली चढे, मग तो कितीही निकडीचा असो, आणि नंतर तोच कागद आपल्या प्रकरणाच्या दप्तरात त्याच्या पूर्वीच्या कागदास जोडला जाई. आगमनाचा क्रम आणि संबंधाचा क्रम, दोन्हींची अदब एकाच वेळी राखली जाई, कारण जोडण्यापूर्वी तो कागद कोणीतरी वाचीत असे.

यंत्र तो वाचीत नाही. नवा टॅब कोणत्या टॅबातून निघाला एवढे ब्राउझर अचूक लक्षात ठेवतो. तो कशासाठी निघाला हे त्याला ठाऊक असण्याचा संभव नाही. संज्ञेचा अर्थ पाहण्यासाठी उघडलेले पान चौथ्या मुठीसारखे आहे, ते शेजारीच हवे; मजकुराच्या कडेला दिसलेली वार्ता आगंतुक आहे, तिने शेवटी जावे; पण दोहोंची जन्मकथा यंत्राच्या दृष्टीने एकच. एक्स्टेन्शनही या मर्यादेपलीकडे जात नाही. सर्वसाधारणतः टॅब निर्माण झाल्याची वर्दी त्याला मागाहून मिळते, आणि मग ते त्यास उचलून आपल्या नियमाच्या जागी नेऊन ठेवते. ते विवेक करीत नाही, हुकूम बजावते.

तरीही मी त्याला तुच्छ मानीत नाही, आणि याचे कारणही मीमांसेतच आहे. यज्ञात होम ऋत्विज करतो, मंत्र तो म्हणतो, धूर त्याच्या डोळ्यांत जातो. फळ मात्र यजमानाचे, कारण संकल्प यजमानाने सोडलेला असतो आणि ऋत्विजास त्याने नेमलेले असते. जो वाचक विचारपूर्वक एखादा नियम निवडतो आणि त्याची अंमलबजावणी एक्स्टेन्शनकडे सोपवितो, त्याच्या वाचनाचा कर्ता तोच राहतो. २०१० मध्ये ज्यांचे टॅब शेवटाहून शेजारी आले आणि ज्यांनी ती व्यवस्था न पाहताच पत्करली, त्यांच्याविषयी मला हे म्हणता येत नाही; तेथे ऋत्विज होता, होमही झाला, यजमान बसलेलाच नव्हता. त्यांना दोष देण्याचा माझा हेतू नाही. चित्त कोठे जावे हे ठरविण्याची मुखत्यारी इतक्या निःशब्दपणे हातची जाते की ती गेली हे कळण्यासही विशेष प्रयत्न करावा लागतो.

प्रवृत्तिक्रमाचा नियम येथे उपयोगी पडतो. सतरा पशूंपैकी आरंभ कोणापासून करावा हे शास्त्र सांगत नाही. तेथे कर्ता मोकळा आहे. पण पहिला संस्कार ज्या क्रमाने झाला त्याच क्रमाने पुढचे सर्व व्हावयाचे. म्हणून शेजारी की शेवटी, हे प्रत्येकाने आपल्या कामाकडे पाहून ठरवावे. मी स्वतः दुव्यांचे टॅब शेजारी ठेवतो, एकाच ग्रंथाच्या शोधात असताना ते मला चार मुठींसारखे वाटतात, आणि बातम्या वाचताना मात्र सारे शेवटी धाडतो. कोऱ्या टॅबाविषयी मला कधी संदेह पडला नाही. त्याला मूळ पान नाही, तो कशाचे अंग नाही. तो वाचणाऱ्याच्या नव्या इच्छेतून जन्मतो, आणि आधी घेतलेल्या संकल्पांच्या मागे उभे राहण्यात त्या इच्छेचा अवमान नाही.