त्यांच्याच शब्दांत

माझी भाची न्यू जर्सीत राहते. इथे सकाळी सातला मी कुकर लावते, तेव्हा तिथे रात्रीचे साडेआठ-साडेनऊ झालेले असतात. सुट्टी असली की त्याच वेळी तिचा फोन येतो. तिला डॉक्टर व्हायचंय. आपल्याकडे बारावी आणि नीट झाली की मुलं एमबीबीएसला जातात. अमेरिकेत आधी चार वर्षांची पदवी, एमकॅट नावाची परीक्षा, मग अर्ज. अर्ज उन्हाळ्याच्या सुरुवातीला भरायचा आणि वर्ग सुरू होणार पुढच्या वर्षीच्या जुलै-ऑगस्टात. म्हणजे पदवीनंतर अर्ज केला की एक वर्ष हातात उरतं. तिथे पुष्कळ मुलं हे वर्ष मुद्दाम घेतात. तरी माझी बहीण ‘वर्ष वाया गेलं’ म्हणत हळहळलीच.

भाचीपुढे तीन कामं होती. एक, विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत मदतनीस. दुसरं, नर्सिंग होममध्ये नर्सिंग असिस्टंट. म्हाताऱ्या माणसांना उठवायचं, आंघोळ घालायची, भरवायचं, आणि त्याआधी किमान 90 तासांचं प्रशिक्षण. तिसरं, इस्पितळाच्या इमर्जन्सी विभागात स्क्राइबचं. डॉक्टर पेशंटशी बोलतात ते बाजूला उभं राहून कॉम्प्युटरवर टिपायचं. पेशंटला हात लावायचा नाही, सल्ला द्यायचा नाही. बहिणीनं विचारलं, “अर्जात कुठलं शोभून दिसेल?” प्रश्न काही चुकीचा नव्हता. पण भाची म्हणाली, “आई, माणूस आपलं दुखणं सांगतो तेव्हा मला त्या खोलीत असायचंय.” आणि तिनं स्क्राइबचं काम घेतलं. (मला विचाराल तर आंघोळ घालण्याचं काम जास्त शिकवून गेलं असतं. पण मावशीचं कोण ऐकतं!) पगार बेताचा आहे. पाय दुखतात. घरी आली की आधी झोपते.

तिनं सांगितलेली एक गोष्ट मात्र माझ्या मनात घर करून बसली आहे. पेशंटच्या कागदावर सुरुवातीलाच त्याची मुख्य तक्रार लिहायची असते, आणि ती शक्यतो त्याच्याच शब्दांत. डॉक्टरांना काय वाटतं ते खाली, नंतर. माणूस म्हणाला, ‘छातीवर कुणीतरी बसलंय,’ तर तेच लिहायचं, अवतरणचिन्हांत. ‘छातीत दुखते’ असं नीटनेटकं करायचं नाही. सुरुवातीला भाचीचे हात शिवशिवायचे म्हणे. चार वर्षं शास्त्र शिकलेली मुलगी. आजाराचं नाव बोटांच्या टोकाशी तयार असायचं. आता ती थांबायला शिकली आहे.

हे ऐकलं आणि मला माझंच घर दिसलं. कुणी काही म्हणालं की आमच्याकडे उत्तर तयार. मुलगा म्हणाला, “शाळेत जावंसं वाटत नाही,” की मी म्हणणार, “गृहपाठ राहिला असेल.” हे म्हणाले, “आज कंटाळा आलाय,” की “रात्री उशिरापर्यंत मोबाइल बघता ना!” सासूबाई कितीतरी दिवस पायांबद्दल काहीतरी सांगत होत्या. त्यांना मधुमेह आहे. मी दर वेळी तेल गरम करून द्यायचे आणि म्हणायचे, “वय झालं की दुखायचेच पाय.” गेल्या आठवड्यात भाजी निवडता निवडता पुन्हा तोच विषय निघाला. या वेळी मी हातातली मेथी खाली ठेवली आणि विचारलं, “म्हणजे नक्की कसं होतं?” त्या म्हणाल्या, “दुखत नाहीत गं. पाय माझे वाटतच नाहीत. चपला घातल्यात का ते खाली बघून कळतं.” मी कॅलेंडरच्या मागे हे जसंच्या तसं लिहून ठेवलं, आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना वाचून दाखवलं. त्यांनी सासूबाईंना चपला काढून टेबलावर पाय ठेवायला सांगितलं.