शर्यत हरलेली गाडी

१९९८ साली सॅन स्टॉर्म नावाची दोन आसनांची, उघड्या टपाची एक मोटार भारतीय बाजारात आली. रेल्वे इंजिने बनवणाऱ्या बंगळूरच्या सॅन इंजिनिअरिंगच्या घरातली ही गाडी गोव्यात जुळवली जाई. अंग फायबरग्लासचे, इंजिन रेनोचे, ११४९ सीसीचे, ताकद जेमतेम ६० अश्वशक्ती. त्याच वर्षी बाजारात उतरलेल्या होंडा सिटीचे दीड लिटरचे इंजिन शंभराच्या घरात ताकद देत होते. म्हणजे पाच माणसे, त्यांच्या बॅगा आणि वर फराळाचे डबे घेऊन निघालेली घरगुती गाडी या स्पोर्ट्स कारला रस्त्यात सहज मागे टाकू शकत होती. आज तर तेवढ्याचीही गरज नाही. नव्या स्विफ्टचे तीन सिलिंडरांचे इंजिन ८० अश्वशक्तीच्या वर जाते. वेगाच्या हिशेबात स्टॉर्म जन्मापासूनच हरत आली आणि दरवर्षी थोडी जास्त हरते आहे. तरीही अशी एखादी गाडी पुन्हा रस्त्यावर काढणाऱ्या माणसाला तिच्यात काहीतरी नव्याने सापडते. हे समाधान कशाचे? जुन्या गोष्टींचा लळा, असे सोपे उत्तर दिले जाते आणि ते मला पटत नाही. माझे म्हणणे असे, की स्पोर्ट्स कार म्हातारी होते तेव्हाच ती धड चालवता येऊ लागते. तरुणपणी ती मुख्यतः दाखवण्यासाठी असते.

नवी स्पोर्ट्स कार घेणारा एकाच किमतीत दोन गोष्टी घेत असतो. एक, यंत्र. दुसरी, रस्त्यावरचा हुद्दा. दुसरी इतकी चकाकणारी असते की पहिलीकडे लक्ष जात नाही. सिग्नलला शेजारच्या काचा खाली होतात, हॉटेलच्या दारातला वॉचमन तिला पुढच्या रांगेत जागा करून देतो, ओरखड्याच्या भीतीने मालक स्वतःच तिला बाहेर काढत नाही. वीस वर्षांनी हा हुद्दा आपोआप उतरतो. रंग फिका पडतो, टपाचे कापड शिवणीवर उसवते, मॉडेल कोणते हे नव्या पिढीला ओळखताही येत नाही. ज्यांना हुद्दाच हवा होता ते केव्हाच दुसऱ्या गाडीकडे वळलेले असतात. उरते ते यंत्र, आणि ते चालवायचे एवढ्याचसाठी ठेवणारा माणूस. २००१ मध्ये आलेल्या फियाट पॅलिओचे उदाहरण घ्या. सचिन तेंडुलकर तिची जाहिरात करत असे. तिच्या १.६ लिटरच्या आवृत्तीची ताकद शंभर अश्वशक्ती होती आणि पेट्रोल पिण्याबद्दल ती बदनाम होती. मायलेज विचारूनच गाडी घेणाऱ्या आपल्या देशात हा गुन्हा माफ होत नाही. दिसायला ती साधी हॅचबॅक, स्पोर्ट्स कार नव्हेच. पण चालवण्याची आवड असलेल्यांनी तिचे नाव इतकी वर्षे जपले ते तिच्या स्टिअरिंगसाठी, वळणावर घट्ट बसणाऱ्या चाकांसाठी.

आता मुख्य मुद्दा, प्रमाणाचा. यंत्र वापरण्याचा आनंद त्याच्या एकूण ताकदीत नसतो. त्या ताकदीतला किती हिस्सा आपल्या हातून वापरला जातो, यावर तो अवलंबून असतो. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर मोटारींना ताशी १०० किलोमीटरची मर्यादा आहे. तीनशे-चारशे अश्वशक्तीची आजची गाडी दुसऱ्या किंवा तिसऱ्या गिअरमध्येच तिथे पोचते. पुढचे सगळे गिअर आणि बाकीची ताकद कायद्याच्या पलीकडे राहते. म्हणजे मालकाने ज्यासाठी पैसे मोजले त्यातले बहुतेक त्याला कधीच हाताळता येत नाही. साठ अश्वशक्तीच्या गाडीत उलट होते. चढावर इंजिन शेवटच्या टोकापर्यंत फिरवावे लागते, गिअर नेमका कधी उतरवायचा हे आवाजावरून ठरवावे लागते, गिअर खाली घेताना ॲक्सिलरेटरला हलकी टिचकी देऊन इंजिनाचे फेरे चाकांशी जुळवून घ्यावे लागतात. वळणाच्या आधी वेग उधळला तर तो परत मिळवायला पुढचा अर्धा घाट जातो, म्हणून वळण आधीच नजरेने मोजावे लागते. हे सगळे ताशी पन्नास-साठच्या वेगात घडते. १९८९ मध्ये माझदाने एमएक्स-५ आणली तेव्हा १.६ लिटरचे साधे इंजिन आणि टनापेक्षा कमी वजन एवढ्यावरच ती जगभर खपली. ताकद वाढवण्यापेक्षा ओझे कमी करणे बरे, हा लोटसच्या कॉलिन चॅपमनचा जुना आग्रह तिने खरा ठरवला.

यात यंत्राच्या बोलण्याचाही भाग आहे. तेलाच्या दाबावर चालणाऱ्या किंवा मुळात मदतच नसलेल्या स्टिअरिंगमधून टायरची पकड सुटत चालल्याचे मनगटाला आधी कळते. तारेने ओढल्या जाणाऱ्या थ्रॉटलमध्ये पाय आणि इंजिन यांच्यामध्ये कोणी दुभाष्या बसलेला नसतो. आजच्या बहुतेक गाड्यांत स्टिअरिंगला विजेची मोटर मदत करते आणि ॲक्सिलरेटर हा संगणकाला केलेला अर्ज असतो. मंजूर किती करायचा ते संगणक ठरवतो. रोजच्या वाहतुकीत हे सोयीचे आहे, यात वाद नाही. पण चालवणाऱ्याला मिळणारी बातमी त्यात गाळून येते. पेटी वाजवताना भाता स्वतः हलवणाऱ्याला सुरामागची हवा जशी हाताला लागते, तशी या जुन्या गाड्यांत रस्त्याची खबर हाताला लागते.

हा युक्तिवाद फक्त लोणावळा, आंबोली, महाबळेश्वरच्या वळणांपुरता खरा असेल, तर तो सुट्टीतल्या शहरी माणसाचा लाड ठरेल. म्हणून त्याची परीक्षा जिथे घाट नाही अशा ठिकाणी घ्यायला हवी. झाशी जिल्ह्यातला गरौठा हा तालुका बेतवा आणि धसान या नद्यांच्या मधल्या मुलखात येतो. शेजारच्या गुरसरायला एकेकाळी मराठी जहागीर होती, एवढाच त्याचा मराठी वाचकाशी जुना धागा. जमीन बरीचशी सपाट, काळी. गहू आणि वाटाण्याची पिके. रस्त्यावर ट्रॅक्टर, ट्रॉल्या आणि ज्यांना तिकडे अन्ना म्हणतात ती मोकाट सोडलेली जनावरे. उत्तरेला जालौन जिल्ह्यातून १६ जुलै २०२२ रोजी खुला झालेला २९६ किलोमीटरचा बुंदेलखंड द्रुतगती मार्ग जातो. त्या मार्गावर शंभराच्या वेगाने तासभर गेले तरी चालवणाऱ्याच्या हातून फारसे काही घडत नाही. लेन धरून बसणे आणि झोप आवरणे, एवढेच काम. गरौठ्याकडच्या अरुंद रस्त्यावर चाळीस-पन्नासच्या वेगात मात्र प्रत्येक मिनिटाला निर्णय आहे: ट्रॉली कुठे वळेल, गाय उठेल की बसून राहील, डांबराची कड किती खचली आहे. मोठ्या ताकदीच्या गाडीला हा वेग अपमान वाटतो, लहान गाडीला तो पुरतो. इथे प्रामाणिकपणे एक कबूल करायला हवे. उघड्या टपाच्या बुटक्या गाडीचे पोट इथल्या स्पीड ब्रेकरवर घासणार, आणि मे महिन्यात टप उघडायची कल्पना मूर्खपणाची आहे. गरौठ्याला स्टॉर्मपेक्षा पॅलिओ शहाणपणाची. पण आनंदाला डोंगर लागतो असे नाही. लक्ष गुंतवणारा रस्ता आणि त्याच्या मापाची गाडी लागते, हे तिथेही खरे ठरते.

पहिला आक्षेप स्मरणरंजनाचा. ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यांवरून प्रीमियर पद्मिनीची काळी-पिवळी टॅक्सी गेली. शेवटची नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ ची होती आणि टॅक्सीला वीस वर्षांची मुदत आहे. त्या आठवड्यात वर्तमानपत्रांतून जे उमाळे आले ते बहुतेक मागच्या सीटवरचे होते: काचेबाहेरचा पाऊस, टपावरची ट्रंक, मीटरचा खटका. मुंबईच्या उकाड्यात दिवसभर स्टिअरिंगखालचा तो दांडा ओढून गिअर बदलणाऱ्या चालकाच्या खांद्याची आठवण त्यात क्वचितच होती. स्मरणरंजन असे दिसते. ते प्रवाशाचे असते, आणि त्यासाठी गाडी चालू असण्याचीही गरज नसते; फोटो पुरतो. मी ज्या सुखाबद्दल बोलतो आहे ते फोटोतून मिळत नाही. पॅलिओ आली तेव्हा जन्मलाही नसलेला मुलगा तिच्या चाकामागे बसला तर त्यालाही ते मिळते, आणि त्याच्याकडे तर आठवणच नाही.

सुरक्षेचा आक्षेप अधिक वजनदार आहे आणि त्याला पूर्ण उत्तर माझ्याकडे नाही. २०२२ मध्ये भारतात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. मोटारींना एबीएस आणि चालकासाठी एअरबॅग सक्तीची झाली ती २०१९ मध्ये. त्याआधीच्या बऱ्याच गाड्यांत यातले काहीच नाही. धडक झालीच तर नवी गाडी बरी, हे सरळ आहे. सॅम पेल्टझमन या अर्थशास्त्रज्ञाने १९७५ मध्ये मांडले होते, की संरक्षण वाढले की माणूस धाडस वाढवतो आणि फायदा काही अंशी फिटतो. जुन्या गाड्यांचे चाहते हा दाखला आवडीने देतात. मी देणार नाही. त्या निष्कर्षावर पुढे बरेच वाद झाले आणि एअरबॅगने वाचलेल्या माणसाला तो ऐकवण्यात अर्थ नाही. माझे म्हणणे मर्यादित आहे. २०२२ च्याच सरकारी आकडेवारीत सुमारे ७१ टक्के मृत्यू अतिवेगाच्या खात्यावर आहेत. वेग दुप्पट झाला की धडकेची ऊर्जा चौपट होते. ज्या गाडीतले सगळे सुख साठच्या आत संपते ती निदान शंभर-सव्वाशेकडे ओढून नेत नाही. एवढ्यावर ती सुरक्षित ठरत नाही. रात्रीच्या महामार्गावर, मुलाबाळांना घेऊन ती नेऊ नये. दिवसा, ओळखीच्या रस्त्यावर, पट्टा बांधून न्यावी.

प्रदूषणाच्या आक्षेपापाशी कायदा येतो, आणि तिथे गंमत आहे. खाजगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची. पुढे फिटनेस तपासून पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण. एप्रिल २०२२ मध्ये या नूतनीकरणाचे शुल्क ६०० रुपयांवरून ५,००० झाले आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या मोटारींसाठी १०,००० झाले. दिल्लीभोवतीच्या राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात तर पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाडीला वयामुळेच बंदीचा हुकूम झाला. झाशी जिल्हा त्या पट्ट्याबाहेर आहे, म्हणून जी गाडी गाझियाबादमध्ये भंगार ठरते ती गरौठ्यात कायदेशीर राहते. दुसरीकडे २०२१ च्या नियमांनी पन्नास वर्षांवरच्या गाडीला ‘व्हिंटेज’चा मान आणि वेगळी नंबर प्लेट दिली. वीस ते पन्नास यांच्या मधली तीस वर्षे गाडीने कशी काढायची, याचे उत्तर कोणत्याही नियमात नाही. ती वाटेत मेली तर वारसा म्हणून मिरवायला उरणार काय? जुने इंजिन किलोमीटरमागे जास्त धूर सोडते, हे खरेच. पण महिन्यातून दोन-तीन रविवारी निघणारी गाडी आणि रोज धावणारी गाडी यांना एकाच वयाच्या फुटपट्टीने मोजणे हा आळस आहे. नळीतून काय बाहेर पडते ते मोजावे, वर्षाचे किलोमीटर ठरवून द्यावेत, त्यात बसली तर चालू द्यावे. शुल्क वाढवून श्रीमंताची गाडी थांबत नाही, एखाद्या शाळामास्तराची थांबते.

हा श्रीमंतांचाच छंद आहे, हा पैशाचा आक्षेपही अर्धाच खरा. जुनी पॅलिओ नव्या मोटरसायकलच्या किमतीत मिळू शकते. महाग पडतात ते सुटे भाग आणि मिस्त्रीचा वेळ. तरी हे यंत्र पान्याने उघडते. स्टॉर्मचे फायबरग्लासचे अंग गंजत नाही, रेझिन आणि कापड लावून कोणताही बरा कारागीर ते सांधतो. पुढच्या पिढीच्या गाड्यांबद्दल ही खात्री मला नाही. आज कारखान्यातून निघणारी वेगवान विजेची गाडी तिच्या बॅटरीइतकी आणि तिच्या सॉफ्टवेअरइतकी जगेल. कंपनीने अपडेट पाठवणे थांबवल्यावर तिचे कुलूप कोण उघडणार, हा प्रश्न गॅरेजमध्ये सुटणारा नाही. १९८५ ते २००५ या काळातल्या गाड्या या अर्थाने मधल्या पिढीच्या आहेत. फ्युएल इंजेक्शनमुळे त्यांतल्या बऱ्याच गाड्या सकाळी कुरकुर न करता सुरू होतात आणि तरीही तालुक्याच्या गावातल्या मिस्त्रीच्या आवाक्यात राहतात. अशा गाड्या आता नव्याने बनत नाहीत. ज्या आहेत त्यांतल्या किती २०४८ मध्ये, सॅन स्टॉर्म पन्नाशीची होईल तेव्हा, चालू स्थितीत असतील ते आरटीओच्या शुल्कतक्त्यावर बरेचसे अवलंबून आहे.