स्टार्ट न घेणारा ट्रक आणि कार्यावरून कारणाचे अनुमान

जुना डिझेल ट्रक सकाळी स्टार्ट घेत नाही, या एका तक्रारीमागे दहा-बारा तरी कारणे असू शकतात. बॅटरी उतरलेली असते किंवा सेल्फ जड फिरतो. कधी टाकीतले डिझेल पंपापर्यंत पोचत नाही, पोचले तर नोझल ते नीट फवारत नाही, आणि फवारले तरी घासलेल्या रिंगांमुळे कम्प्रेशन पुरत नाही. कार्य एक आणि कारणे अनेक असतील तर कार्य पाहून कारण निश्चित सांगता येते का, हा तत्त्वज्ञानातला जुना प्रश्न आहे. जॉन स्टुअर्ट मिलने १८४३ साली प्रसिद्ध झालेल्या तर्कशास्त्रावरील ग्रंथात कारणांच्या अनेकत्वाची अडचण सविस्तर मांडली. मात्र त्याच्या कितीतरी शतके आधी न्यायसूत्रांत ती पूर्वपक्ष म्हणून येऊन गेली आहे, आणि तिथे मिळालेले उत्तर मिलच्या चर्चेपेक्षा गॅरेजच्या अधिक जवळचे आहे.

न्यायसूत्रांचा कर्ता गौतम याने अनुमानाचे पूर्ववत्, शेषवत् आणि सामान्यतोदृष्ट असे तीन प्रकार केले. वात्स्यायनाच्या भाष्यात शेषवताचे उदाहरण नदीचे आहे: पात्र भरून वाहू लागले की वरच्या अंगाला पाऊस झाला असे समजावे. दुसऱ्या अध्यायात आक्षेपक उभा राहतो. नदी पुढे बांध घातल्यानेही फुगते. अंडी घेऊन निघालेल्या मुंग्या पावसाची चाहूल देतात म्हणावे, तर वारूळ मोडल्यावरही त्या तशाच निघतात. मोराचा आवाज तर माणूसही काढतो. मग अनुमानावर विसंबायचे कसे? सिद्धान्ती उत्तर देतो की तुंबलेले पाणी आणि पावसाचा पूर ही दोन वेगळी कार्ये आहेत. पुराच्या पाण्याला ओढ असते, त्यावर फेस असतो, त्याबरोबर पाने, फळे, लाकडे वाहत येतात. ज्याने नुसते ‘पाणी वाढले’ एवढेच पाहिले, त्याची चूक पाहण्यातली आहे. तिचा दोष अनुमानाला लावता येत नाही. कार्याचे वर्णन मोघम असेल तेव्हाच त्याची कारणे अनेक दिसतात, असा या उत्तराचा रोख आहे.

‘गाडी स्टार्ट घेत नाही’ हे वर्णन तितकेच मोघम आहे. मुरलेला मिस्त्री पाना हातात घेण्याआधी विचारतो: त्रास गार इंजिनाला होतो की तापलेल्या? सेल्फ झपझप फिरतो की कण्हतो? सायलेन्सरमधून काही येते का? गाडी चालू होऊन बंद पडते की मुळात स्टार्टच घेत नाही? टाकी भरलेली असताना काय होते आणि तळाला गेल्यावर काय? हे प्रश्न म्हणजे फेस आणि पाने शोधणेच आहे. प्रत्येक उत्तराने कार्याला एक विशेषण जोडले जाते आणि संभाव्य कारणांतली काही गळून पडतात.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. सिलिंडरातली हवा सोळा-अठरा पट दाबली जाते, तिचे तापमान पाचशे अंश सेल्सियसच्या वर जाते, आणि त्या क्षणी सुमारे दोनशे बार दाबाखाली फवारलेले डिझेल आपोआप पेटते. टेल्कोने १९५४ पासून मर्सिडीज-बेंझच्या सहकार्याने बांधलेल्या ट्रकांत आणि त्यांच्या पुढच्या पिढ्यांत हे काम यांत्रिक पंपाकडे होते. तो बहुधा मायको कंपनीचा असे. अशा गाडीत सेन्सर नाही, बिघाडाचा कोड वाचणारे यंत्र नाही. डोळा, कान आणि हात यांना जे कळेल त्यावरच निदान करायचे असते. म्हणूनच अनुमानाची परीक्षा पाहायला ती नव्या गाडीपेक्षा सोयीची.

सेल्फ मंद असेल तर डिझेलचा विचार पुढे ढकलावा. बॅटरी, तिची टर्मिनल आणि अर्थिंगची पट्टी आधी पाहावी. सेल्फ नीट फिरत असेल तर पुढची खूण धुराची. न्यायातले नेहमीचे उदाहरण डोंगरावरच्या धुराचे: जिथे धूर तिथे अग्नी, ही व्याप्ती. सेल्फ मारताना सायलेन्सरमधून येणारा पांढरा धूर मात्र उलटे सांगतो. डिझेल सिलिंडरात पोचले आहे, पण पेटलेले नाही. व्याप्ती मोडली असे वाटेल, पण तसे नाही. तो धूरच नव्हे. न जळलेल्या डिझेलची ती वाफ आणि बारीक थेंब आहेत. वाफेला धूर समजून अग्नीचे अनुमान करणे हा हेत्वाभास नैयायिकांच्या परिचयाचा होता. हेतू म्हणून जे दाखवले तेच तिथे नाही, म्हणून तो असिद्ध. गॅरेजमध्ये या वाफेचे मोल मोठे आहे, कारण तिच्यामुळे संशयितांचे दोन गट पडतात. पांढरे काही येत असेल तर कमी कम्प्रेशन, खराब नोझल, मागे पडलेले टायमिंग किंवा नुसती कडाक्याची थंडी. काहीच येत नसेल तर डिझेल तिथवर जातच नाही.

या दुसऱ्या गटात सर्वांत आधी इंजिन बंद करायची केबल पाहतात. ती ओढलेल्या जागी अडकून राहिली असेल तर पंप डिझेल सोडत नाही, आणि अर्धा दिवस पाइप खोलण्यात वाया जातो. त्यानंतर येते एअर. डिझेल दाबले जात नाही म्हणण्याइतके थोडे दाबले जाते, हवा मात्र सहज दबते. पंपाच्या प्लंजरखाली हवा आली की प्लंजरची सगळी धाव ती दाबण्यात जाते. नोझल उघडण्याइतका दाब कधी तयारच होत नाही. टाकी चासीला, पंपाच्या खालच्या पातळीवर असते. तिच्यापासून फीड पंपापर्यंतच्या पाइपात एखादे बारीक छिद्र किंवा बसलेला कॉपर वॉशर असेल तर रात्रभरात हवा आत शिरते आणि डिझेल टाकीकडे परत उतरते. सकाळी पंपात शिल्लक असलेल्या डिझेलवर इंजिन काही सेकंद चालते, मग अडखळून बंद पडते. टाकी भरलेली असताना हा त्रास कमी, तळाला गेली की जास्त, कारण तेव्हा डिझेल अधिक उंच ओढावे लागते. ‘चालू होऊन बंद पडते’ आणि ‘टाकी उतरली की जास्त’ ही दोन विशेषणे एकत्र आली की गळके पाइप हे कारण जवळजवळ नाव घेऊन समोर येते.

पण ते छिद्र डोळ्याला दिसत नाही. पाइप कोरडा, खाली थेंब नाही, म्हणून गळती नाही असा निष्कर्ष ड्रायव्हर काढतो. अभावाचे ज्ञान कधी ग्राह्य धरावे यावर भारतीय दर्शनांत बारकाईने विचार झाला आहे. वस्तू तिथे असती तर दिसलीच असती, अशी परिस्थिती असेल तरच तिचे न दिसणे हा पुरावा ठरतो. उजेडात टेबलावर घडा दिसत नाही म्हणजे घडा नाही, पण अंधारात तसे म्हणता येत नाही. पंपाच्या पुढच्या, दाबाच्या बाजूला गळती असेल तर डिझेल बाहेर ठिबकते. मागची बाजू ओढीची. तिथे हवा आत जाते, डिझेल बाहेर येत नाही. तिथल्या कोरडेपणावरून काहीच सिद्ध होत नाही. यावरचा उपाय म्हणजे न दिसणाऱ्याला दिसण्याच्या कक्षेत आणणे: फीड पंपाच्या आधी पारदर्शक नळीचा तुकडा जोडला की बुडबुडे सरकताना दिसतात. त्यानंतरही नळी स्वच्छ राहिली तर ‘हवा नाही’ म्हणायला आधार मिळतो.

अन्वय-व्यतिरेकाची, म्हणजे एक गोष्ट असताना आणि नसताना काय होते ते पाहण्याची, कसोटी याहून सोपी आहे. रात्रभर उभ्या गाडीला सेल्फ मारण्याआधी फीड पंपाचा हँड प्रायमर सोडवून हाताने पंप करतात. पहिले काही फटके पोकळ जातात, मग तळहाताला विरोध जाणवू लागतो आणि दांडा ताठरतो. प्रायमर पुन्हा घट्ट बसवून सेल्फ मारल्यावर गाडी तत्काळ चालू झाली आणि दुसऱ्या दिवशी प्रायमर न मारता अडली, तर डिझेल उतरून जात होते हे ठरले. प्रायमर पहिल्याच फटक्याला ताठ असूनही गाडी रडत असेल तर कम्प्रेशनकडे किंवा नोझलकडे वळावे. चालताना बंद पडणाऱ्या गाडीच्या टाकीचे झाकण उघडताच हवा सुस्कारत आत गेली आणि थोड्या वेळात गाडी पूर्ववत झाली, तर झाकणाचे छिद्र बुजले आहे. या कसोट्यांत एका वेळी एकच गोष्ट बदलते, म्हणून त्यांचे उत्तर वाचता येते. एअर क्लीनरपाशी इथर फवारून गाडी चालू करण्याची सवय याच्या नेमकी उलट. इथर डिझेलपेक्षा कितीतरी कमी तापमानाला पेटते. ते कमजोर कम्प्रेशनही झाकते आणि न आलेले डिझेलही, शिवाय रिंगा आणि पिस्टन यांना धोका असतो तो वेगळाच.

इथवर गौतमाच्या बाजूचे उत्तर टिकते. जुन्या गाडीत ते एका जागी अपुरे पडते. बॅटरी थोडी कमजोर, रिंगा थोड्या घासलेल्या, दोन नोझलांचा फवारा जाड, सकाळ गार. यांतली कोणतीही एक गोष्ट गाडी अडवायला पुरेशी नाही. चारही मिळून अडवतात. नैयायिकांच्या भाषेत कार्य एकट्या कारणातून येत नाही, कारणसामग्री पुरी झाली की येते, आणि स्टार्ट होण्याची सामग्री इथे चार ठिकाणी थोडी थोडी उणी आहे. बॅटरी बदलली तरी गाडी चालू होईल, नोझल बदलले तरी. मग खरे कारण कोणते? या प्रश्नाला इंजिनातून उत्तर मिळत नाही. स्वस्तात आणि लवकर जे दुरुस्त होईल त्यालाच मिस्त्री कारण म्हणतो. ही लबाडी नव्हे. सामग्रीतल्या एकालाच कारण म्हणून पुढे काढणे नेहमी कोणत्या तरी प्रयोजनाने होते.

राहिला प्रश्न निदान बरोबर होते हे कशावरून कळते याचा. न्यायमतानुसार ज्ञानाचे प्रामाण्य त्या ज्ञानातच मिळत नाही; त्यावर विसंबून केलेली कृती सफल झाली की ते ठरते. गाडी चालू झाली, म्हणजे निदान खरे. पण डिझेल फिल्टर बदलण्याचे उदाहरण इथे अडचणीचे आहे. फिल्टर बदलताना सगळी लाइन उघडते, म्हणून फिल्टरवरचा स्क्रू ढिला करून, फेसाळ डिझेल जाऊन नितळ धार येईपर्यंत एअर काढावीच लागते. गाडी चालू होते आणि श्रेय नव्या फिल्टरला जाते. अग्नीवरून धुराचे अनुमान करताना ओले इंधन ही उपाधी, म्हणजे न सांगितलेली खरी अट, मध्ये असते; इथे एअर काढणे ही उपाधी आहे. जुनाच फिल्टर ठेवून एअर काढली असती तरी गाडी चालू झालीच असती. बाराव्या शतकात श्रीहर्षाने नैयायिकांना अशाच जागी गाठले होते: मुठीत किती कवड्या आहेत हे कोणी अंदाजाने अचूक सांगितले, तर त्याला ज्ञान म्हणायचे का?

न्यायाच्या बाजूने एवढे म्हणता येते की सफलता एका वेळेची धरायची नाही. पाइपातले छिद्र तसेच राहिले असेल तर नव्या फिल्टरची गाडी त्या दिवशी चालते, दुसऱ्या सकाळी पुन्हा काही सेकंदांत बंद पडते, आणि टाकी तळाला गेल्यावर तर हमखास. म्हणून फिल्टर बदलल्यावर गाडी रात्रभर उभी ठेवून, तीही टाकी अर्ध्याखाली असताना, प्रायमरला हात न लावता चालू करून पाहणे ही खरी परीक्षा. माल भरून निघालेल्या गाडीला तेवढी सवड क्वचितच मिळते, आणि गॅरेजच्या वहीत ‘फिल्टर खराब होता’ अशी नोंद होते.