प्लॅस्टरमधला पाय आणि घरची सहल

प्रश्न साधा दिसतो. सहलीची तिकिटे काढून झाली आहेत आणि घरातल्या पंधरा वर्षांच्या मुलीचा पाय प्लॅस्टरमध्ये गेला आहे. तिला न्यायचे, घरी ठेवायचे, की सगळ्यांनीच बेत रद्द करायचा? असा प्रश्न कुणी विचारला की फादरने दोन वाक्यांत निकाल द्यावा अशी अपेक्षा असते. पण सेमिनरीत तत्त्वज्ञानाच्या वर्गात न्याय, दया आणि विवेक या शब्दांवर आम्ही महिनेच्या महिने घालवले, आणि ते तिन्ही शब्द या एका घरगुती प्रश्नात येऊन बसले आहेत. म्हणून आज जरा सविस्तर लिहितो.

थीम पार्क ही आता आपल्या पनवेलकरांना लांबची गोष्ट राहिलेली नाही. १९८९ साली गोराईला एस्सेलवर्ल्ड सुरू झाले तेव्हा इथून मुंबई गाठायची, तिथून पुढे बोटीने खाडी ओलांडायची, असा तो प्रवास होता. ते आता बंद झाले. २०१३ मध्ये खालापूर तालुक्यात खोपोली-पाली रस्त्यावर इमॅजिका उघडले, आणि सकाळी निघून रात्री घरी, असा बेत आपल्याकडची कुटुंबे सहज आखू लागली. ज्या कुटुंबामुळे हे लिहावेसे वाटले त्यांचाही बेत असाच होता. आई-वडील, मुलगी, तिचा धाकटा भाऊ, आजी आणि वसईहून येणारे मामांचे चौघे, अशी नऊ माणसे. मुलीचे पाऊल खो-खो खेळताना मुडपले आणि करंगळीच्या बाजूचे हाड मोडले. डॉक्टरांनी साधारण सहा आठवडे सांगितले. सहल येत होती तिसऱ्या आठवड्यात.

आधी वस्तुस्थिती पाहू, कारण माहिती न घेता दाखवलेल्या दयेने माणसाचे नुकसानच होते. इमॅजिकातला ‘नायट्रो’ हा रोलर कोस्टर १३२ फूट उंच आहे, आणि त्याच्या बैठकीला पाय टेकायला खाली तळ नाही; पाय अधांतरी लोंबत राहतात. मोडलेले पाऊल घेऊन त्यात बसणे म्हणजे धाडस नव्हे. बहुतेक थीम पार्कमध्ये ताजे फ्रॅक्चर असलेल्याला अशा पाळण्यांवर चढूच देत नाहीत, आणि ते योग्यच आहे. पाण्याच्या खेळांचाही प्रश्न येत नाही; साधे प्लॅस्टर भिजले की मऊ पडते आणि हाडाला धरून ठेवण्याचे त्याचे काम संपते. पाय फार वेळ खाली सोडून बसले तर सूज चढते, म्हणून मधूनमधून तो उशीवर उंच ठेवावा लागतो. अशा पायाने किती वेळ बाहेर राहावे हे डॉक्टरांनी सांगायचे आहे, फादरने नव्हे. व्हीलचेअर मिळते का, ती कुठपर्यंत जाते, स्वच्छतागृहात ती शिरते का, हे आधी फोन करून विचारायचे आहे. डॉक्टर ‘नको’ म्हणाले तर विषय तिथेच संपला. या घरी ते ‘जपून न्या’ म्हणाले, आणि खरा प्रश्न तिथून सुरू झाला.

आजीचे म्हणणे असे की, पाय मोडलाय, त्यात दहावीचे वर्ष, आता मजा कशाला सुचते? घरी बसून अभ्यास करावा. आजींचा मान राखून सांगतो, संत थॉमस अक्विनास यांचे मत वेगळे आहे. शरीराला जशी झोप लागते तशी मनाला खेळाची, करमणुकीची विश्रांती लागते, असे ते म्हणतात, आणि त्यासाठी संत योहानाची एक जुनी कथा देतात. योहान शिष्यांबरोबर खेळत होते, ते पाहून काही जण बिचकले. त्यांच्यातल्या एकाकडे धनुष्य होते. योहानांनी त्याला बाण मारायला सांगितले, आणखी मारायला सांगितले, आणि विचारले, असे सतत मारत राहता येईल का? तो म्हणाला, नाही, धनुष्य मोडेल. तीन आठवडे एकाच खोलीत, खिडकीतून मैत्रिणींना शाळेत जाताना पाहणाऱ्या मुलीला तर ही विश्रांती इतरांपेक्षा अधिकच हवी.

मग बेत रद्द करणे कसे? वरवर पाहता यात सर्वांत जास्त प्रेम दिसते. ‘ती नाही तर आम्हीही नाही.’ पण याची किंमत कोण मोजतो ते पाहा. धाकटा भाऊ महिनाभर दिवस मोजत होता. तो काही बोलणार नाही. बोलला तर ओरडा खाईल. पण जेवताना तो ताईच्या पायाकडे एकदा बघेल, आणि ते तिला कळेल. तिच्या पायातले प्लॅस्टर सहा आठवड्यांनी कापतील. ‘तुझ्यामुळे सगळ्यांची सहल बुडाली’ हे ओझे मात्र घरात पुढची कित्येक वर्षे थट्टेच्या नावाखाली निघत राहते. त्यागाचे असे आहे की, तो करणारा विसरतो आणि ज्याच्यासाठी केला तो विसरू शकत नाही. मागितला नसताना कुणावर लादलेला त्याग हे एक प्रकारचे कर्जच असते. चौदा-पंधरा वर्षांच्या वयात तर असे कर्ज मोडलेल्या हाडाहून जास्त दुखते.

तिला नेले तरी हे कर्ज आपोआप टळत नाही. दिवसभर ‘तुझ्यासाठी थांबलोय’, ‘तुझ्यामुळे हळू चाललोय’, ‘तुला कंटाळा नाही ना आला?’ असे ऐकत बसणे म्हणजे सहल नव्हे. म्हणून न्यायचे की नाही यापेक्षा कसे न्यायचे, हा मला मोठा प्रश्न वाटतो.

अॅरिस्टॉटलने मायलो नावाच्या पैलवानाचे उदाहरण दिले आहे. दहा माप अन्न फार होते आणि दोन माप कमी पडते, म्हणून सगळ्यांना सरसकट सहा माप वाढा, असे शहाणा उस्ताद म्हणत नाही. मायलोला सहा माप थोडे, आणि नव्याने तालमीत आलेल्याला तेच फार. न्याय म्हणजे नऊ जणांनी एकच गोष्ट करणे नव्हे, आणि नऊ जणांनी सारखेच सोडून देणेही नव्हे. मुलांना मोठ्या पाळण्यात बसू द्यावे, मनमोकळे किंचाळू द्यावे. तिच्याजवळ एकेकाने आळीपाळीने बसावे. बसून पाहण्याचे जे कार्यक्रम असतील ते सगळ्यांनी मिळून पाहावेत, दिवसाचा मध्य त्यांच्यासाठी राखावा. इथे थोडे स्पष्ट बोलतो. आपल्या घरांत ‘आळीपाळीने’ याचा अर्थ बहुधा ‘आई बसेल’ असा होतो. दिवसभर बाकावर पिशव्या, पाण्याच्या बाटल्या आणि सगळ्यांच्या चपला सांभाळत बसलेल्या आया कुठल्याही पार्कमध्ये पाहून घ्याव्यात. पहिली पाळी बाबांची आणि दुसरी मामांची असावी, असे माझे मत आहे. आणि जो बसेल त्याने पहारा देऊ नये. पत्ते खेळावेत, गप्पा माराव्यात, आईस्क्रीम खावे.

आता रांगेविषयी. व्हीलचेअर दिसली की अनेक ठिकाणी पुढे जाऊ देतात, आणि मग एका खुर्चीमागे नऊ जण पुढे सरकतात. ‘चला, ताईच्या पायाचा फायदा झाला!’ हे वाक्य मुलांच्या कानावर पडले की ती त्यातून काय शिकतील ते सांगायला नको. अमेरिकेत हे टोकाला गेले. डिस्नेच्या उद्यानांत श्रीमंत कुटुंबे रांग टाळण्यासाठी अपंग व्यक्तीला पैसे देऊन बरोबर नेतात, अशा बातम्या २०१३ मध्ये आल्या. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये डिस्नेने आपला नियम बदलला. लगेच आत सोडण्याऐवजी, रांगेला जेवढा वेळ लागत असेल साधारण तेवढ्या वेळाने परत या, अशी वेळ देऊ लागले. तोवर कुठेही सावलीत बसा. पुढे २०२४ मध्ये ही सवलत कुणाला मिळेल हेही त्यांनी आणखी आखडते घेतले, आणि त्यावरून तिथे वाद झाला. त्या वादाचा निवाडा इथे करत नाही, पण २०१३ च्या नियमामागचा विचार मला पटतो. वाट पाहण्याचा वेळ सर्वांना सारखा. तो वेळ पायावर उभे राहून काढण्याची सक्ती मात्र ज्याला झेपत नाही त्याच्यावर नाही.

कुणी म्हणेल, संत मार्कच्या शुभवर्तमानातले ते चौघे काय वेगळे होते? दाराशी गर्दी, म्हणून त्यांनी पक्षाघाती मित्राला छपरावर नेले आणि छप्पर उघडून खाली सोडले. रांग तर त्यांनीही मोडली. खरे आहे. पण छपरातून खाली गेली ती एकच खाट. चौघे वरच राहिले.

सर्वांत नाजूक गोष्ट दुखण्याविषयी खरे बोलण्याची. या वयाची मुले वेदना लपवतात. भित्रेपणामुळे नव्हे, तर वेगळे दिसू नये म्हणून. वेगळे दिसू नये यासाठी माणूस काय सोसतो ते इग्नेशियस लोयोला यांच्या चरित्रात आहे. २० मे १५२१ रोजी पाम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने त्यांचा पाय मोडला. हाड नीट बसले नाही म्हणून ते पुन्हा मोडून बसवावे लागले. आणि तरीही गुडघ्याखाली एक हाड पुढे आले, घट्ट बूट घातल्यावर ते वाईट दिसेल, एवढ्याच कारणाने त्यांनी ते कापून काढायला लावले, तेही भूल देण्याच्या सोयी नसलेल्या काळात. ते त्या वेळी तिशीचे सरदार होते. मग आपली पंधरा वर्षांची मुलगी आठ जणांसमोर ‘दुखतंय का?’ या प्रश्नाला ‘नाही’ म्हणणार, यात नवल काय? खरे बोलण्याची किंमत तिच्यासाठी फार मोठी करून ठेवली की ती खोटेच बोलेल. ती किंमत कमी करणे हे मोठ्यांचे काम. दोन गाड्या न्याव्यात. एक गाडी चार वाजता घरी परतणार, हे आधीच ठरवून टाकावे, आणि आजीही त्याच गाडीत असाव्यात. म्हणजे कुणाला कुणासाठी लवकर निघावे लागले असे होत नाही.

अशा तयारीत त्या घराला आणखी एक गोष्ट दिसली. दवाखान्याच्या पायऱ्या, रेल्वेचा पूल, हॉटेलातले अरुंद दार. सहा आठवड्यांसाठी का होईना, सगळे घर व्हीलचेअरच्या उंचीवरून जग पाहू लागले. आपल्या देशाच्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने दीर्घकाळाचे अपंगत्व डोळ्यांपुढे ठेवले आहे. मोडलेले पाऊल त्यात बसत नाही, कारण ते बरे होते. पण आपल्याच परिसरात अशी माणसे आहेत ज्यांचे सहा आठवडे कधी संपत नाहीत. वाडीची सहल निघते, बस ठरते, वर्गणी जमते, आणि ‘त्यांना कुठे जमणार’ असे म्हणून त्यांना कुणी विचारतच नाही. न विचारणे ही दया आहे असे आपण समजतो.

आता शेवटची अडचण. बेत पुढे ढकलता आला असता तर बरे झाले असते, पण मामांना पुन्हा रजा नव्हती. सगळे बसून चर्चा करत असताना मुलगीच म्हणाली, ‘तुम्ही जा, मी आत्याकडे राहते.’ हे वाक्य कसे घ्यायचे? ते खरेही असू शकते, आणि आपल्याला सोडवण्यासाठी केलेली धडपडही. भरल्या घरात विचारून ते कळत नाही. वडिलांनी दुसऱ्या दिवशी तिला एकटीला विचारले, आणि ‘नाही म्हणालीस तरी कुणी रागावणार नाही’ हेही सांगितले. तेव्हा ती म्हणाली, येईन, पण माझ्याजवळ कुणी बळेच बसायचे नाही. ती गेली.

दुसऱ्या एखाद्या घरातली मुलगी एकांतातही ‘नाही’ म्हणेल. मग तिचा नकार खरा मानावा, तिची सोय नीट लावावी, आणि जावे. प्रत्येक पाळण्यापाशी उभे राहून तिला फोन करू नये. परत आल्यावर फोटो दाखवायचे की नाहीत, तेही तिलाच विचारावे.