प्रेक्षकाचे ऋण

कलाकृतीपासून जो आनंद आपण घेतो त्याबद्दल आपण कोणाचे काही देणे लागतो काय, हा प्रश्न प्रथमदर्शनी निरर्थक वाटण्याजोगा आहे. तिकिटाचे पैसे दिले, टाळी वाजविली, की प्रेक्षकाचा व्यवहार पुरा झाला, अशीच सामान्य समजूत असते. परंतु जिचा विषय जगात उपेक्षा सोसणाऱ्या माणसांच्या जीवितातून उचललेला असतो, अशा कलाकृतीच्या बाबतीत हिशेब इतका सरळ राहत नाही. या विचारास आम्हांस जे निमित्त झाले ते कित्येक वाचकांस चमत्कारिक वाटेल. गेल्या दहा-बारा वर्षांत थायलंड देशात तरुण पुरुषांच्या परस्परप्रेमावर रचलेल्या दूरचित्रवाणी-मालिकांचे मोठे पीक आले आहे. आमच्या परिचयाच्या अनेक सुशिक्षित घरांतील मुली, आणि क्वचित त्यांच्या आयाही, त्या मालिका इंग्रजी उपशीर्षकांच्या आधाराने आवडीने पाहतात. आम्हीही त्यांपैकी काही लक्षपूर्वक पाहिल्या. त्यांची निंदा किंवा जाहिरात करण्याचा आमचा हेतू नाही. त्या पाहताना मनात उभ्या राहिलेल्या एका नैतिक प्रश्नाचा उलगडा होतो काय, एवढेच पाहावयाचे आहे.

या प्रकाराचे बीज मूळचे जपानातले. १९७० नंतरच्या दशकात ताकेमिया केइको, हागिओ मोतो आदी लेखिकांनी मुलींच्या मासिकांतून किशोरांच्या परस्परप्रेमाच्या चित्रकथा लिहिण्यास आरंभ केला. ताकेमियाबाईंची 'काझे तो कि नो उता' ही दीर्घ चित्रकथा १९७६ साली सुरू झाली. लिहिणाऱ्या बहुधा स्त्रिया, आणि वाचणाऱ्याही बहुधा स्त्रियाच. हेच वाङ्मय पुढे थायलंडात गेले. तेथे त्यास नुसत्या 'वाय' या अक्षराने ओळखतात. 'याओइ' या जपानी शब्दाचे ते रोमन आद्याक्षर होय. २००७ सालच्या 'द लव्ह ऑफ सयाम' या चित्रपटाने दोन मुलांच्या प्रेमाची कथा सर्वसामान्य प्रेक्षकांपुढे आणली. २०१४ साली 'लव्ह सिक' ही मालिका आली, २०१६ साली 'सोटस' आली, आणि २०२० साली, महामारीने लोकांस घरात कोंडले असता, 'टूगेदर' ही मालिका देशोदेशी पाहिली गेली.

पुरुषांच्या परस्परप्रेमाची कथा स्त्रियांस इतकी रुचावी याचे पुष्कळांस नवल वाटते. आम्हांस त्यात फारसे नवल दिसत नाही. स्त्री-पुरुषांच्या प्रेमकथेत नायिकेने कसे लाजावे, किती वाट पाहावी, कोठे नमते घ्यावे, हे सारे आधीच ठरून गेलेले असते. आणि ती कथा पाहणारी स्त्री स्वतःस त्या नायिकेच्या जागी ठेवल्यावाचून राहत नाही. जेथे दोघेही पुरुष, तेथे हे जू मानेवरून उतरते. तेथे प्रेम हे दोन समानांमधील प्रेम म्हणून पाहता येते, आणि पाहणारीस कोणाचीच भूमिका वठवावी लागत नाही. समतेची ही तहान क्षुद्र म्हणता येणार नाही.

तथापि जुने जू दाराबाहेर ठेवले तरी खिडकीतून आत येते. 'सोटस' या मालिकेचे नावच ज्येष्ठता, आज्ञा, परंपरा, ऐक्य आणि चैतन्य या अर्थांच्या पाच इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांचे आहे. थायलंडच्या विद्यापीठांत वरच्या वर्गातील विद्यार्थी नवागतांस ज्या शिस्तीच्या नावाखाली छळतात, तिचे हे सूत्र. त्या मालिकेत अभियांत्रिकीचा पहिल्या वर्षाचा विद्यार्थी आपल्या ज्येष्ठास सर्वांसमक्ष आव्हान देतो ते, मी तुला माझी बायको करीन, अशा अर्थाच्या शब्दांनी! दोन पुरुषांतही एकास नवरा व दुसऱ्यास बायको ठरविल्यावाचून प्रारंभीच्या कथाकारांस चैन पडत नसे. कित्येक मालिकांत तर एकाच्या नकारास लज्जा मानून दुसऱ्याने केलेली जबरदस्ती उत्कट प्रेम म्हणून दाखविली आहे. या मालिकांनी तरुण मंडळी बिघडतील अशी भीती बाळगणारांनी खरे पाहता येथे बोट ठेवावयास हवे. मालिका पाहून कोणाची प्रकृती बदलत नाही. पण नकाराचा अर्थ होकार असतो, ही शिकवण मात्र कोणत्याही प्रेमकथेतून मनात उतरू शकते, आणि आपल्या स्त्री-पुरुषप्रेमाच्या चित्रपटांनी ती पिढ्यान्‌पिढ्या दिलेली आहे.

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. रूसो याने १७५८ साली दालाँबेर यास लिहिलेल्या प्रसिद्ध पत्रात नाटकाच्या प्रेक्षकावर एक मार्मिक आक्षेप घेतला आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: रंगभूमीवरील कल्पित दुःखासाठी अश्रू ढाळले, की आपण माणुसकीचे सर्व कर्तव्य बजावले असे प्रेक्षकास वाटते. खऱ्या दुःखिताला काही तरी द्यावे लागते. कल्पिताला नुसते अश्रू पुरतात. म्हणून नाटकातील करुणा ही फुकटची करुणा होय. हा आक्षेप प्रस्तुत मालिकांस तंतोतंत लागू पडतो, असे कोणी म्हणेल. सुंदर, तरुण, खाऊनपिऊन सुखी असे दोन विद्यार्थी पडद्यावर एकमेकांचा हात धरतात. पाहणाराचे मन द्रवते. आणि भाग संपताच तो प्रेक्षक, ज्या समाजात तसा हात धरणे दुरापास्त आहे, त्या समाजाचा निर्वेध घटक म्हणून झोपी जातो.

या आक्षेपास आपल्याकडील रसशास्त्राने एक भक्कम उत्तर पूर्वीच देऊन ठेविले आहे. भट्टनायकाने सांगितलेल्या आणि अभिनवगुप्ताने आपल्या परीने स्वीकारलेल्या साधारणीकरणाच्या सिद्धांताप्रमाणे, रसास्वादाच्या क्षणी 'हे माझे, हे परक्याचे' ही बुद्धीच गळून पडते. दुष्यंताची रती ही दुष्यंताची राहत नाही व प्रेक्षकाचीही होत नाही. ती केवळ रती म्हणून अनुभवास येते. 'आय टोल्ड सनसेट अबाउट यू' ही २०२० सालची मालिका पाहताना आम्हांस या सिद्धांताची प्रचीती आली. तिच्या थाई नावाचा अर्थ 'तुझ्या हृदयाने माझ्या प्रेमाचा अनुवाद कर' असा काहीसा आहे. फुकेत बेटावरील दोन बालमित्र दुरावतात, पुढे विद्यापीठ-प्रवेशाच्या तयारीत पुन्हा भेटतात, आणि एक दुसऱ्यास चिनी भाषा शिकवू लागतो. शिकविता शिकविता आपल्या मनातील भाव ज्या शब्दाने सांगावा तो शब्द स्वतःस उच्चारण्याचे धैर्य त्या शिकविणारास होत नाही, आणि त्या भीतीने तो मित्रासही दुखवितो. हे पाहताना पात्रे कोणत्या देशाची, कोणत्या लिंगाची, हा विचार मनात उरत नाही. ज्याने कधी काळी आपलेच मन स्वतःपासून लपविले असेल, त्यास ती भीती ओळखीची वाटते. ज्या प्रेमाविषयी आयुष्यभर नुसता उपहासच ऐकला, ते आपल्याच प्रेमासारखे आहे हे पाहणारास आतून कळणे, याला आम्ही फुकटची करुणा म्हणणार नाही. ते ज्ञान आहे.

या मालिकांची आणखी एक देणगी मान्य केली पाहिजे. आपल्या मराठी रंगभूमीवर विजय तेंडुलकरांनी 'मित्राची गोष्ट' या १९८१ सालच्या नाटकात एका स्त्रीचे स्त्रीवरील प्रेम धैर्याने मांडले. पण ती कथा शोकाची होती, आणि त्या काळी ती तशीच असणे भाग होते. थाई मालिकांनी अशा प्रेमास सुखान्त दिला. ज्या तरुणाने स्वतःसारख्या माणसाची कथा केवळ मरणातच संपताना पाहिली, त्यास ती भाजी-बाजारात, भांडणात, समेटात आणि म्हातारपणातही जाऊ शकते असे दिसणे, हा लहानसहान लाभ नव्हे.

असे असूनही रूसोचा आक्षेप पुरता निकालात निघत नाही; कारण साधारणीकरणास दोन मर्यादा आहेत, आणि या मालिकांच्या प्रेक्षकाकडून दोन्ही ओलांडल्या जातात.

पहिली मर्यादा नटाची. थाई भाषेत 'खू जिन' म्हणजे कल्पनेतील जोडी असा एक शब्द रूढ आहे. दोन नटांची जोडी एका मालिकेत लोकप्रिय झाली, की निर्माते तीच जोडी पुढील मालिकेत, जाहिरातींत, चाहत्यांच्या मेळाव्यांत पुनःपुन्हा उभी करतात; आणि प्रेक्षकास असे वाटू लागते की पडद्यावरील प्रेम पडद्याबाहेरही खरे असावे, किंबहुना असलेच पाहिजे. त्यांपैकी एखाद्याचे प्रेम अन्यत्र आहे असे कळताच कित्येक चाहते फसविले गेल्याचा आक्रोश करतात. येथे रसास्वाद संपतो आणि मालकी सुरू होते. रसाची सर्व महती 'हे अमक्याचे' ही बुद्धी गळण्यात आहे. चाहता मात्र तीच बुद्धी परत आणून एका जिवंत माणसावर लादतो. पडदा पडला की नटाने आपल्या घरी जावे आणि तेथे त्याने कोणावर प्रेम करावे हे प्रेक्षकाने विचारू नये, ही रंगभूमीची जुनी मर्यादा आहे. ज्या प्रेक्षकास प्रेमाचे स्वातंत्र्य इतके हृद्य वाटते, त्यानेच दोन तरुणांचे ते स्वातंत्र्य हिरावून घ्यावे, यात मोठी विसंगती आहे.

दुसरी मर्यादा अधिक सूक्ष्म आहे. या मालिकांत, विशेषतः आरंभीच्या, एक उद्गार वारंवार येतो: मला पुरुष आवडत नाहीत, मला केवळ हा एक आवडतो. ऐकावयास हा उद्गार उदात्त वाटतो. माँटेन्यने आपल्या मैत्रीवरील निबंधात दिवंगत स्नेह्याविषयी जो भाव व्यक्त केला आहे, त्याची येथे आठवण व्हावी. खरे प्रेम वर्गावर जडत नाही, व्यक्तीवर जडते, हे कोण नाकारील? परंतु स्त्रीवर प्रेम करणारा नायक 'मला स्त्रिया आवडत नाहीत, हीच एक आवडते' असे कधी म्हणताना आम्ही ऐकले नाही. त्यास तसे म्हणण्याची गरजच पडत नाही. ज्या नावाची लाज वाटते तेच नाव माणूस असा टाळतो. म्हणजे जे साधारणीकरण रसिकाच्या अनुभवात सत्य आहे, त्याचा उपयोग येथे जीवितातील एक सत्य झाकण्यासाठी केला जातो. रसिकाच्या चित्तात प्रेमास नाव नसले तरी चालते; घर भाड्याने मागताना, रुग्णालयात जोडीदाराच्या उशाशी बसण्याची परवानगी मागताना, वारसा सांगताना नावावाचून चालत नाही.

थाई कथाकारांस हे उमगले नाही असे नाही. 'बॅड बडी' या मालिकेत, जी २०२१ च्या अखेरीस सुरू झाली, शेजारच्या दोन वैरी घरांतील मुलगे समान म्हणून प्रेम करतात, आणि अखेरीसही वडीलधाऱ्यांचे वैर जादूने वितळत नाही. घरात पुष्कळ काही न बोलताच सांभाळावे लागते. २०२३ सालच्या 'मूनलाइट चिकन' मध्ये नायक हा पट्टाया शहरात कोंबडी-भाताची खाणावळ चालविणारा प्रौढ मनुष्य आहे. धंद्याच्या ओढाताणीने थकलेला, आणि आपण सांभाळलेल्या भाच्याच्या भवितव्याची चिंता करणारा. तो भाचाही एका कर्णबधिर मुलावर प्रेम करू लागतो. येथे प्रेम भाकरीच्या आणि घरभाड्याच्या जगात उतरले आहे.

कायद्याच्या जगातही ते उतरले. थायलंडच्या प्रतिनिधिगृहाने मार्च २०२४ मध्ये व सिनेटने १८ जून २०२४ रोजी विवाहसमतेचा कायदा संमत केला, आणि २३ जानेवारी २०२५ पासून तो अमलात आला. आग्नेय आशियातील असा हा पहिलाच कायदा. विवाहाच्या कलमांतील 'पती' व 'पत्नी' हे शब्द काढून त्यांच्या जागी जोडीदार या अर्थाचा शब्द त्याने घातला. कथाकारांस जो नवरा-बायकोचा घोळ सुटत नव्हता, तो विधिमंडळाने एका शब्दाने सोडविला! याचे श्रेय मालिकांस देऊन मोकळे होणे मात्र अन्यायाचे होईल. ज्यांनी वर्षानुवर्षे अर्ज, मोर्चे आणि मसुदे यांत आयुष्य घातले, त्यांचे ते श्रेय आहे. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी अशा प्रेमावरील गुन्ह्याचा कलंक पुसला; पण १७ ऑक्टोबर २०२३ रोजी विवाहाचा हक्क देण्याचे नाकारून तो प्रश्न विधिमंडळाकडे सोपविला.

मग प्रेक्षकाचे ऋण ते कोणते? प्रत्येक रसिकाने चळवळीत उडी घ्यावी असे आम्ही म्हणणार नाही. आनंदावर अशी पट्टी बसविली तर आनंदही जाईल आणि चळवळही खोटी होईल. ऋण त्याहून लहान आहे, पण फेडावयास अधिक कठीण आहे. ते एवढेच, की जे आपण चित्रास दिले ते प्रत्यक्ष माणसास नाकारू नये. फुकेतच्या किनाऱ्यावरील मुलासाठी जिचे डोळे भरून आले, त्या मातेसमोर उद्या तिचाच मुलगा येऊन तेच सांगेल. तो नटासारखा देखणा नसेल. त्याचा मित्र कदाचित चाळिशीचा, टक्कल पडलेला, दुसऱ्या जातीचा असेल. पार्श्वसंगीत तर नसेलच. शेजारी काय म्हणतील हा प्रश्न मात्र असेल. त्या घटकेस त्या मातेने काय उत्तर दिले, यावरून रूसो खरा ठरतो की अभिनवगुप्त, याचा निर्णय होईल. हे उत्तर कोणत्याही मालिकेस तिच्या वतीने देता येणार नाही. मालिका फार तर तिला त्या प्रश्नाची सवय करून देईल. तेवढे तिने केले, तर तिच्यापायी घालविलेल्या रात्री वाया गेल्या असे आम्ही म्हणणार नाही.