शेजारच्या खोलींतला विद्यार्थी

विद्यापीठांतून मनुष्य काय घेऊन येतो, असा प्रश्न केल्यास बहुतेक लोक पदवीचें नांव सांगतील, कांहीं एकाद्या ग्रंथाचें सांगतील, थोडे एकाद्या गुरूचें. शेजारच्या बांकावर बसणाऱ्या सोबत्याचें नांव क्वचितच कोणी घेईल. ही उपेक्षा कितपत न्याय्य आहे, हें पाहावयाचें असेल तर अमेरिकेंतील ओक्लाहोमा विद्यापीठांत घडलेल्या एका प्रकरणाकडे वळावें.

हें विद्यापीठ नॉर्मन या गांवीं आहे. इ. स. १८९२ मध्यें त्याचे पहिले अध्यक्ष डेव्हिड रॉस बॉइड तेथें आले, तेव्हां चोहोंकडे गवताचें सपाट माळरान होतें. झाड म्हणून दृष्टीस पडत नसे. त्यांनीं रोपें लावविलीं, आणि पुढच्या पिढ्यांना सावली मिळाली. ही सावली सर्वांची मात्र नव्हती. गोऱ्या व काळ्या विद्यार्थ्यांना एकत्र शिकविणें हा त्या राज्याच्या कायद्यानें गुन्हाच होता. शिकविणारा, शिकणारा आणि संस्था चालविणारा असे तिघेहि दंडास पात्र.

जॉर्ज मॅक्लॉरिन हे कृष्णवर्णीय गृहस्थ एम्. ए.च्या तोडीची पदवी घेतलेले होते. शिक्षणशास्त्रांत डॉक्टरेट मिळविण्यासाठीं त्यांनीं येथें अर्ज केला, तो नाकारला गेला, ते न्यायालयांत गेले, आणि १९४८ च्या आक्टोबरांत त्यांना प्रवेश मिळाला. प्रवेश मिळाला म्हणजे काय झालें, तें मात्र ऐकण्यासारखें आहे. त्यांची खुर्ची वर्गालगतच्या एका आडखोलींत ठेवण्यांत आली. मधल्या दारांतून वर्ग दिसे, व्याख्यान ऐकूं येई. ग्रंथालयांत नेहमींच्या वाचनगृहांत नव्हे, तर माडीवर त्यांचें टेबल नेमलेलें. उपाहारगृहांत टेबल वेगळें आणि जेवणाची वेळहि वेगळी. पुढें त्यांना वर्गांत घेतलें, तेव्हां त्यांच्या जागेभोंवतीं कठडा आला व त्यावर ‘काळ्यांसाठीं राखीव’ अशी पाटी लागली. कांहीं काळानें कठडा गेला, पाटी गेली. नेमून दिलेली रांग राहिली.

राज्याचें म्हणणें असें कीं, हा भेद केवळ नांवाचा आहे. अध्यापक तेच, ग्रंथ तेच, छप्पर तेंच. मग उणें काय राहिलें? हा युक्तिवाद हंसून सोडून देण्यासारखा नाहीं. विद्या म्हणजे एकाच्या मुखांतून निघून दुसऱ्याच्या कानांत शिरणारे शब्द, एवढाच तिचा अर्थ असेल, तर राज्याचें खरें होतें. किंबहुना आपल्यापैकीं अनेकजण शिक्षणाचा अर्थ एवढाच समजतात, आणि तरीहि त्या आडखोलीची हकीकत ऐकून आपल्याला संताप येतो. या दोहोंतील एक गोष्ट आपण सोडली पाहिजे.

आडखोलींतल्या माणसाला प्रश्न विचारतां येईल, अध्यापक त्याला उत्तरहि देतील, परंतु त्याच्या प्रश्नावर मान वळवून “असें कसें?” म्हणणारा कोणी नाहीं. त्याचें मत कोणी खोडीत नाहीं, त्याच्याशीं कोणी हुज्जत घालीत नाहीं. विरोध हाहि एक मान आहे. ज्याला आपण बरोबरीचा समजतों त्याच्याशींच आपण भांडतों. व्याख्यान संपल्यावर जिन्यांत, चहाच्या पेल्यावर, रात्रीं एकमेकांच्या खोलींत जें बोलणें होतें, त्यांत ऐकलेलें ज्ञान स्वतःचें होतें. राज्यानें नेमकें तेंच काढून घेतलें होतें, आणि बाकी सारें दिलें होतें.

यांत गोऱ्या विद्यार्थ्यांचेंहि नुकसान झालें, असें म्हणण्याची रीत आहे. तें खोटें नाहीं. पण मला तें जरा सोईचें वाटतें. दाराच्या अलीकडे बसणाऱ्याचें आणि पलीकडे बसणाऱ्याचें नुकसान एका तराजूंत घालूं नये. त्यांच्यासंबंधानें विचारावयाचा प्रश्न निराळा आहे. १९४८ च्या जानेवारींत, एडा लोइस सिप्युएल यांना कायद्याच्या शाखेंत प्रवेश मिळेना म्हणून, याच विद्यापीठांतील विद्यार्थ्यांनीं सभा भरवून राज्यघटनेच्या चौदाव्या दुरुस्तीची प्रत जाळली व ती राख अध्यक्ष ट्रूमन यांच्याकडे पाठविली. म्हणजे मनानें त्या नियमाबाहेर असलेले तरुण तेथें होते. परंतु उपाहारगृहांत ज्याला मॅक्लॉरिनांशेजारीं बसावयाचें होतें, त्याच्या आड नियम येई. आणि ज्याला बसावयाचें नव्हतें, त्याला नियमाची ढाल मिळे. पाहणाऱ्यास दोघेहि सारखेच दिसत. मला वाटतें, त्या कायद्याचें खरें पाप येथें आहे: सज्जनाला त्यानें सज्जनपणा करूं दिला नाहीं, आणि दुर्जनाला त्याचा दुर्जनपणा कळूं दिला नाहीं.

५ जून १९५० रोजीं सर्वोच्च न्यायालयानें एकमतानें मॅक्लॉरिन यांच्या बाजूनें निकाल दिला. मुख्य न्यायाधीश व्हिन्सन यांनीं त्यांत एक मार्मिक भेद केला आहे. व्यक्तीनें आपण होऊन दुसऱ्याची संगत टाळणें वेगळें, आणि राज्यानें ती संगत निषिद्ध ठरविणें वेगळें. बंदी उठली म्हणजे लोकांचे पूर्वग्रह जातील असें नाहीं, हेंहि ते मान्य करतात. भेद खरा आहे. पण मराठी वाचकाला तो अपुरा वाटावा. सातारच्या शाळेंत बाल आंबेडकरांना कोंपऱ्यांत वेगळ्या गोणपाटावर बसविलें, तें रूढीनें. त्यासाठीं विधिमंडळानें कायदा केला नव्हता. रूढि ही राज्यहि नव्हे आणि एकटी व्यक्तीहि नव्हे. न्यायालयाच्या निकालाला ती सांपडत नाहीं, आणि ‘माझी आवड’ म्हणून सांगणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडून तीच बोलत असते.

निकालांत आणखी एका लहानशा गोष्टीचा उल्लेख आहे. उपाहारगृहांत जेवणाची वेळ पुढें एक झाली होती, तेव्हां मॅक्लॉरिन यांना रांगेंत उभें राहून सोबत्यांशीं बोलण्याची मुभा होती. फक्त जेवतांना त्यांनीं दूर बसावयाचें. तबक भरेपर्यंत संभाषण चाले, आणि भरलें म्हणजे तुटे. त्या जूनपासून तें तोडणारा नियम राहिला नाहीं. तबक हातांत घेऊन उभ्या असलेल्या गोऱ्या विद्यार्थ्यानें आतां कोणत्या टेबलाकडे जावयाचें, हें त्याला कोणीहि सांगणार नव्हतें.